बीबीएम अँड्रॉइडवर आलं, मग जुना पिन आणि कॉन्टॅक्टचं काय?

(ऑक्टोबर २०१३ मधली चर्चा. बीबीएम ही ब्लॅकबेरीची मेसेंजर सेवा; सामान्य वापरकर्त्यांसाठी ती २०१९ मध्ये बंद झाली.)

कर्व्हवाला: ब्लॅकबेरी कर्व्ह सोडून अँड्रॉइड घेतोय. २१ ऑक्टोबरपासून बीबीएम अँड्रॉइड आणि आयफोनवर मिळतंय. जुना पिन, कॉन्टॅक्ट, चॅट यातलं काय सोबत येतं? बीआयएस, म्हणजे ब्लॅकबेरीचा इंटरनेट पॅक, कधी बंद करू?

आठअक्षरी: पिन, म्हणजे बीबीएमवरची तुमची आठ अक्षरी ओळख, येत नाही. तो त्या हँडसेटचा असतो. नव्या फोनवर ॲप नवा पिन देतं. कॉन्टॅक्ट आणि ग्रुप येतात, पण ते ब्लॅकबेरी आयडीला जोडलेले असतील तरच. म्हणून आधी कर्व्हवर बीबीएमच्या सेटिंगमध्ये आयडी जोडलेला आहे ना ते बघा आणि पासवर्ड चालतोय याची खात्री करा. मग नव्या फोनवर त्याच आयडीने लॉगिन करा. घाईत नवा आयडी काढलात तर यादी कोरी दिसेल. चॅट येत नाहीत, हवे ते आधीच स्वतःला ईमेल करून ठेवा. एका आयडीवर एकच फोन चालतो, त्यामुळे इकडे सुरू केलं की कर्व्हवरचं बंद.

बीआयएस पॅक हे सगळं झाल्यावरच काढा. आणि आयडीचा ईमेल मोबाइल कंपनीने पॅकसोबत दिलेला ब्लॅकबेरीवाला असेल तर तो आधी बदला. पॅक गेला की तो मेलबॉक्सही जातो, मग पासवर्ड रीसेट कुठे येणार?

कर्व्हवाला: आयडी जोडलेला होता, काम झालं. पण ॲप उघडल्यावर ‘रांगेत आहात’ म्हणतंय.

सर्व्हरखोली: ईमेल टाकून थांबा, नंबर लागला की मेल येतो. आधी नोंदणी केलेल्यांना लगेच प्रवेश आहे. ही रांग सप्टेंबरच्या फजितीमुळे. तेव्हा अँड्रॉइडची अधिकृत आवृत्ती येण्याआधीच एक जुनी, अर्धवट आवृत्ती फुटली. आठ तासांत ११ लाख लोक त्यावर! तिच्यामुळे नेटवर्कवर भलताच भार पडत होता आणि तेवढीच वेगळी बंदही करता येईना, म्हणून सगळंच थांबवावं लागलं. ती फाइल कुठून उतरवली असेल तर काढून टाका. प्ले स्टोअरवर नकली बीबीएमही येऊन गेली आहेत. फोनच्या ब्राउझरमधून बीबीएम डॉट कॉमवर जाऊन तिथल्या लिंकनेच घ्या. अँड्रॉइड ४.० किंवा आयओएस ६ तरी हवं.

टिकमार्क: ॲप चांगलं आहे. मेसेज वाचला गेल्याची ‘आर’ची खूण, नंबर न देता बोलण्याची सोय, हे व्हॉट्सॲपकडे नाही. पण व्हॉट्सॲप फोनबुकातून माणसं आपोआप शोधतं, इथे एकेकाचा पिन मागा नाहीतर बारकोड स्कॅन करा. शिवाय बीबीएम व्हॉइस, म्हणजे बीबीएमवरून कॉल करायची सोय, अँड्रॉइडवर अजून नाहीच. बीबीएमसाठी लोक हँडसेट घ्यायचे तोवर कंपनीने ते कुलपात ठेवलं. खुलं केलं ते तिमाहीत जवळपास १०० कोटी डॉलरचा तोटा आणि ४,५०० नोकऱ्यांची कपात जाहीर केल्यावर. २०१०-११ मध्येच करायला हवं होतं.

सर्व्हरखोली: बीबीएम खुलं करण्याची घोषणा मे महिन्यातलीच आहे, तोटा नंतर कळला. उशीर झाला हे मात्र खरं.