मदत हवी आहे: इंजिन फ्रेममध्ये बसतंय, पण मागचा बोल्ट जात नाहीये

मंडळी, वडिलांची जुनी ३५० सीसी सिंगल सिलिंडर मोटारसायकल मी पुन्हा उभी करतोय. फ्रेमला पावडर कोटिंग झालं, इंजिन पूर्ण बांधून झालं आणि आता जोडताना अडलोय.

पुढचे दोन्ही बोल्ट हाताने आत गेले. मागचा खालचा मात्र जात नाही. भोकं साधारण २ मिलिमीटर वर-खाली दिसतात. आधी वाटलं कोटिंगचाच थर नडतोय. म्हणून इंजिन प्लेट (इंजिन फ्रेमला जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या) जिथे टेकतात तिथलं आणि भोकांच्या आतलं कोटिंग खरवडून लोखंड उघडं केलं. कोटिंगचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर, त्यामुळे फरक नगण्यच पडला. सगळे नट ढिले ठेवून, इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा देऊन उचलूनही पाहिलं.

भोक मोठं करायला मन धजत नाही. एकदा ते ढिलं झालं की इंजिन कंपनाने सरकत राहणार, चेनची रेषाही बिघडणार.

फ्रेम वाकली असेल का? दोरी लावून घरच्या घरी ते खात्रीने कळतं का, की जिगवरच (फ्रेम सरळ आहे का ते मोजायच्या साच्यावर) तपासावी लागेल? की माझ्याकडून डाव्या-उजव्या प्लेटची अदलाबदल झाली असेल? खोलताना फोटो काढले नव्हते, त्याची फार रुखरुख लागली आहे. हेड स्टे (इंजिनचा वरचा भाग फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी) अजून लावलेला नाही, तो शेवटीच आवळायचा ना?

ज्यांनी स्वतःच्या हाताने असं इंजिन चढवलंय, त्यांनी बोल्टचा क्रम कृपया सांगावा.