फायर अलार्ममध्ये पुढे जायचंय: कोर्स करू की साईटवरच शिकू?

तांबडी_वायर:
नमस्कार मंडळी. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालंय, पुण्यात एका ईएलव्ही (फायर अलार्म, सीसीटीव्हीसारख्या कमी व्होल्टेजच्या यंत्रणा) कॉन्ट्रॅक्टरकडे टेक्निशियन आहे. केबल ओढणं, डिटेक्टरचे बेस बसवणं, फेरूल (तारांना नंबर लावणं), टर्मिनेशन (तारा जोडणं) हे सगळं जमतं. अलार्मच्या मुख्य पॅनलला मात्र हात लावू देत नाहीत, प्रोग्रामिंगला कंपनीचा माणूस येतो. एका संस्थेने एक वर्षाचा ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा’ सुचवलाय, त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. सीनियर म्हणतात, कोर्स म्हणजे पैसे पाण्यात, साईटवर सगळं येतं. मला कमिशनिंगमध्ये (सिस्टीम तपासून चालू करून देण्याच्या कामात) जायचंय, जमलं तर पुढे आखातात. काय करावं?

लूप_रिटर्न:
पैसे भरण्याआधी त्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम मागून घ्या. बहुतेक ठिकाणी त्यात एक्स्टिंग्विशर, हायड्रंट, वर्क परमिट, पीपीई, अपघाताची चौकशी हेच असतं. तो सेफ्टी ऑफिसरचा रस्ता आहे. डिटेक्शन त्यात दोन-चार तासांत उरकतात, आणि लॅबमधल्या पॅनलला बऱ्याचदा लूपच (पॅनलपासून निघून परत येणारी डिटेक्टरची केबल) जोडलेला नसतो. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे कोर्स उत्तम आहेत, पण तेही फायर इंजिनीअर आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांसाठी. तुमच्या कामासाठी नोकरी सोडू नका.

तुम्हाला हवंय ते पॅनल बनवणाऱ्या कंपनीचं ट्रेनिंग. दोन ते पाच दिवसांचं असतं, पण सहसा डीलर किंवा इंटिग्रेटरमार्फतच मिळतं. त्याशिवाय प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर आणि वरच्या लेव्हलचा पासवर्ड हाती येत नाही. म्हणून पगारवाढीच्या आधी मालकाकडे हे मागा. हो म्हणत नसेल तर ज्याच्याकडे एखाद्या मेकची (पॅनल कंपनीची) डीलरशिप आहे अशा ठिकाणी नोकरी बघा.

सीनियर निम्मे बरोबर आहेत. साईटवर हात बसतो, पण चुकीची सवयही तिथेच बसते. नेहमीचं उदाहरण एंड ऑफ लाइन रेझिस्टरचं, ज्याच्यातून जाणाऱ्या करंटवरून पॅनल केबल सलग आहे का ते ओळखतो. तो झोनच्या (एका सर्किटवरच्या डिटेक्टरच्या गटाच्या) शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये हवा. घाईत तो पॅनलच्या टर्मिनलवरच बसवतात, कारण फॉल्ट लगेच जातो आणि हँडओव्हर होतो. मग पॅनलला कायम तो ४.७ के (४,७०० ओहम) दिसत राहतो. पहिल्या डिटेक्टरनंतर केबल तुटली तरी पॅनल ‘नॉर्मल’ दाखवणार आणि पुढचे सगळे डिटेक्टर मेलेले. झोनमध्ये मध्येच टी मारून फाटा काढला तरी तेच, त्या फाट्यावर देखरेख राहत नाही. दहा वर्षं असंच करत आलेला माणूस ‘असंच करतात’ म्हणून शिकवतो. त्याला खोडायला आयएस २१८९ (फायर अलार्मचं भारतीय मानक) आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६चा चौथा भाग वाचलेला असावा लागतो. भारतीय मानकं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत उतरवता येतात, त्यासाठी कुठल्या क्लासची गरज नाही.

पावसाळी_अर्थफॉल्ट:
वरच्याशी सहमत, पण मेंटेनन्सची बाजू राहिली. कमिशनिंगवाला सिस्टीम चालू करून जातो, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेणारा) ती पंधरा वर्षं जिवंत ठेवतो. महाराष्ट्रात २००६च्या अग्निप्रतिबंध कायद्याखाली इमारतीला दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी (यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला) द्यावा लागतो, त्यामुळे हे काम कधी आटत नाही. फॉल्ट शोधणं कोणत्याही कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत. अर्थ फॉल्टचंच बघा, म्हणजे एखादी तार अर्थला लागणं.

जून-जुलैत स्लॅबमधल्या कंड्यूटमध्ये पाणी शिरतं, नाहीतर बेसच्या स्क्रूखाली दबलेलं इन्सुलेशन ओलाव्याने उघडं पडतं. पॅनलवर अर्थ फॉल्ट येतो, सिस्टीम मात्र चालू असते, म्हणून सगळे तो बझर सायलेन्स करून सोडून देतात. पुढे दुसऱ्या तारेवर आणखी एक अर्थ झाला की दोन्ही मिळून शॉर्ट होतो आणि ऐन वेळी लूप बंद पडतो. आयसोलेटर (लूपचा बिघडलेला तुकडा वेगळा करणारे) आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. ते शॉर्टला उघडतात, एकट्या अर्थ फॉल्टला नाही.

शोधताना आधी पॅनल चालू ठेवून मल्टिमीटरने पॉझिटिव्ह ते अर्थ आणि निगेटिव्ह ते अर्थ व्होल्टेज घ्या. एक वाचन शून्याला टेकलं आणि दुसरं २४-२७च्या आसपास गेलं तर शून्यवाली तार अर्थला लागलीय. मग एकेक लूप, हूटर सर्किट, ऑक्स (जोड) सप्लाय सोडवत जा. प्रत्येक वेळी मिनिट-दोन मिनिटं थांबा, बऱ्याच पॅनलवर हा फॉल्ट उशिरा क्लिअर होतो. इथेच बरेच जण फसतात: लगेच ‘हा लूप नाही’ म्हणून पुढे जातात. लूप सापडला की तो पॅनलवरून सोडवून मधल्या डिटेक्टरपाशी उघडा आणि दोन्ही बाजू मेगाओहम रेंजवर तपासा. खराब बाजू पुन्हा मधोमध उघडा. शंभर डिटेक्टरचा लूप सहा-सात वेळा निम्मा केला की बेस सापडतो. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली नाही ना, तेही बघून घ्या. ती फक्त पॅनलच्या टोकाला हवी.

आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन टेस्टर) डिटेक्टर, मॉड्यूल लागलेले असताना कधीही मारू नका. सगळी इलेक्ट्रॉनिक्स काढून नुसती केबल उरली तरच.

साफसफाईनंतरची एक गडबडही सांगतो. ज्या मेकमध्ये पत्ता (पॅनल डिटेक्टरला ओळखतो तो नंबर) डिटेक्टरच्या पाठीवरच्या रोटरी स्विचवर असतो, तिथे हेड (बेसवरून निघणारा डिटेक्टर) हलला की पत्ताही हलतो. पोरं वीस हेड काढून एकाच खोक्यात टाकतात, ब्लोअर मारतात आणि हाताला येईल तसे परत लावतात. पॅनल नॉर्मल! धूर पाचव्या मजल्यावर आणि डिस्प्लेवर ‘तिसरा मजला, सर्व्हर रूम’. अपोलोच्या एक्सपी९५सारख्या मेकमध्ये पत्त्याचं कार्ड बेसमध्ये राहतं, तिथे ही भानगड होत नाही. म्हणून सफाईनंतर किमान काही हेडना टेस्ट स्मोक मारून डिस्प्लेवरचं ठिकाण जुळतंय का बघाच.

खाडीपलीकडे:
आखाताचं मी सांगतो. तिथे फायर अँड सेफ्टी डिप्लोमा दाखवलात तर सेफ्टीच्या जागेसाठी बोलावतील. अलार्मसाठी बघतात ते मेकचं सर्टिफिकेट आणि कोडची ओळख. अमिरातीत यूएई फायर अँड लाइफ सेफ्टी कोड आणि अमेरिकेचा एनएफपीए ७२, सौदीत सौदी बिल्डिंग कोड, ब्रिटिश कन्सल्टंट असेल तर ब्रिटिश मानक बीएस ५८३९. मुलाखतीत क्लास ए (पॅनलला परत येणारं) आणि क्लास बी (परत न येणारं) वायरिंगमधला फरक, आयसोलेटर कुठे द्यायचे, हूटरचा आवाज नेहमीच्या आवाजापेक्षा १५ डेसिबल वर आणि झोपायच्या खोलीत उशीपाशी ७५ का, असलं विचारतात. नायसेटची (तंत्रज्ञांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था) फायर अलार्मची परीक्षा नावाजलेली आहे, पण तिच्या वरच्या पातळ्यांना नुसते मार्क पुरत नाहीत, केलेल्या कामाचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे कोर्स की अनुभव हा वाद त्यांनी केव्हाच मिटवलाय. आतापासून वहीत लिहून ठेवा: साईट कुठली, पॅनल कोणतं, किती लूप, तुमच्या हातून नेमकं काय झालं. सही करणारा सीनियर पुढे कुठे जाईल सांगता येत नाही, तेव्हा सही तेव्हाच घ्या.

तांबडी_वायर:
सगळ्यांचे आभार, डिप्लोमा रद्द. मालकाशी बोलतो. तोवर घरी सराव करता येईल का? आणि बॅटरी किती क्षमतेची हवी ते कसं काढायचं? आमच्याकडे सरसकट ७ एएच (अँपिअर-तास) बसवतात.

लूप_रिटर्न:
येईल की. जुना दोन झोनचा कन्व्हेन्शनल (डिटेक्टरला पत्ता नसलेला) पॅनल, तीन डिटेक्टर, एक एमसीपी (हाताने दाबायचं अलार्मचं बटण), एक हूटर आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. झोनमध्ये मीटर सिरीजला लावा. २० व्होल्टच्या आसपास ४.७ केमधून साधारण ४ मिलिअँपिअर जाईल. एमसीपी दाबला की त्यातला ४७० ओहमचा रेझिस्टर मध्ये येतो आणि करंट दहापट होऊ पाहतो, पॅनलचं करंट लिमिट असेल तर तिथे थांबतो. तार काढली की जवळपास शून्य. पॅनल एवढ्यावरूनच नॉर्मल, फायर, ओपन ओळखतो. हे आकडे स्वतः मीटरवर बघितले की एंड ऑफ लाइन पॅनलमध्ये बसवायला हात धजावणार नाही. रेझिस्टरची किंमत मेकनुसार बदलते, मॅन्युअल बघून लावा.

बॅटरीचं गणित साधं आहे. समजा सगळी सिस्टीम स्टँडबायला ०.२५ अँपिअर घेते आणि अलार्मला १.२. २४ तास स्टँडबाय म्हणजे ६, अर्धा तास अलार्म म्हणजे ०.६, बेरीज ६.६. त्याला १.२५ने गुणा: ८.२५. म्हणजे ७ एएच पुरत नाही, त्याहून मोठी घ्यावी लागते. तेवढ्या बॅटरीला पॅनलचा चार्जर पुरतो का आणि ती खोक्यात मावते का, तेही आधी बघा. नाहीतर बाहेर वेगळं बॅटरी बॉक्स लावायची पाळी येते आणि ते बीओक्यूमध्ये (कंत्राटातल्या सामानाच्या यादीत) कुणी धरलेलं नसतं.

पावसाळी_अर्थफॉल्ट:
एक जोड. बॅटरी तपासताना नुसतं व्होल्टेज बघू नका, चार्जरवर मेलेली बॅटरीसुद्धा २७ दाखवते. मेन बंद करा, सगळे हूटर वाजवा आणि मीटर धरून बसा. पाच मिनिटांत २२च्या खाली घसरली तर दोन्ही एकदमच बदला, एक नवी एक जुनी लावू नका.