दहा बाय आठच्या खोलीत बोरघाट बसेल का? (एचओ स्केल, म्हणजे १:८७)

पनवेल_लोकल:
नमस्कार मंडळी. घरच्यांनी दहा बाय आठ फुटांची खोली माझ्या रेल्वेसाठी दिली आहे. कर्जत ते लोणावळा घाट करायचा आहे, आणि मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) रेटा देतायत नि मेल चढतेय हे दृश्य हवंच. चढ खरा १:३७ ठेवू का? आपलं ब्रॉडगेज आणि मॉडेलचे रूळ यांचं गणित कसं जमवायचं? शिवाय इथला पाऊस माहीत आहे, प्लायवूड टिकेल ना?

ठाकूरवाडी_केबिन:
घाट बसेल, पण कर्जत-लोणावळा बसणार नाही. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटरवर, लोणावळा १२८ वर. मधल्या २८ किलोमीटरला ८७ ने भागा, ३२० मीटर रूळ होतो. उंचीतला फरक साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये सहा मीटरच्या वर. एवढं उंच छत कुणाच्याच घरात नसतं. म्हणून घाटातली एकच जागा उचला आणि ती जीव ओतून करा.

माझं मत विचाराल तर ठाकूरवाडी. अप, डाऊन, मिडल अशा तीन लाइनी, आणि कॅच सायडिंग. उतरणारी गाडी आधी थांबायची, मगच सांधा (गाडीचा रूळ बदलणारा भाग) मुख्य मार्गाला लागायचा. ताबा सुटलेली गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन अडकायची. हा खेळ मॉडेलवर तासन् तास खेळता येतो, गोल गोल फिरणाऱ्या गाडीत ती मजा नाही. तिन्ही लाइनी जमल्या नाहीत तर मिडल सोडा, पण कॅच सायडिंग सोडू नका.

दुसरं म्हणजे बोगदे. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हाच त्यात पंचवीस बोगदे होते. इतर लेआउटवर गाडी लपवायला उगाच डोंगर उभा करावा लागतो. इथे ती कुठेही बोगद्यात शिरली तरी खोटं वाटत नाही. सगळी वळणं डोंगरामागे ढकला. त्रिज्या मात्र २४ इंचांच्या खाली नको, आयसीएफ बनावटीचा प्रवासी डबा एचओमध्ये २४५ मिलिमीटर भरतो.

चढ १:३७ च ठेवा, पण फक्त समोरच्या भागात. २.४ मीटरमध्ये गाडी ६५ मिलिमीटर चढते. तेवढंच मागे १:५० ने उतरवायला सव्वातीन मीटर लागतात, ते बाकीच्या भिंतींवर मिळतात. एका रुळावरून दुसरा नेण्याइतकी उंची यात मिळत नाही, त्यामुळे तो विचार सोडा. सहा डबे, पुढे एक इंजिन, मागे दोन बँकर अशी गाडी सव्वादोन मीटरची होते. दहा फुटांच्या भिंतीवर ती देखणी दिसते.

बँकरच्या रेट्याने हलके डबे वळणावर रुळावरून उतरतात. प्रत्येक डबा १६५ ग्रॅमच्या आसपास भरेल इतकं वजन आत, तळाशी चिकटवा. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला रुळातून वेगळा आदेश देणारी डिजिटल यंत्रणा) घ्या आणि तिन्ही इंजिनांचा वेग त्यांच्यातल्या सीव्ही २, ५ आणि ६ या सेटिंग बदलून जुळवा, आधी डब्यांशिवाय.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं म्हणाल तर १६७६ मिलिमीटरचे १:८७ मध्ये १९.३ होतात, बाजारातला रूळ १६.५ चा. तोच वापरा, चाकं, सांधे सगळं त्यातच मिळतं. फरक समोरून दिसतो, बाजूने नाही. फळी छातीच्या उंचीवर घ्या म्हणजे नजर बाजूनेच जाईल. आणि सुरुवात करण्याआधी कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या.

तांब्याची_तार:
केबिनदादांशी सहमत. वायरिंगचं तेवढं सांगतो. फळीखालून दीड स्क्वेअर एमएमच्या दोन मुख्य तारा फिरवा आणि दर मीटरला फीडर (तिथून रुळाला जाणाऱ्या छोट्या तारा) सोल्डर करा, नुसत्या जोडपट्ट्यांवर भरवसा नको. मग रुळांवर नाणं आडवं ठेवून बघा: रुळांना वीज देणारा बूस्टर लगेच ट्रिप झाला पाहिजे, प्रत्येक तुकड्यात. सांधे बदलायला छोट्या सर्व्हो मोटरी आणि आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) पुरतात, सांधा हळू सरकतो तेही छान दिसतं.

काळा_कातळ:
प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) ग्रेडचा, १२ एमएम. कापलेल्या कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवून बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. रुळांच्या जोडांत थोडी फट सोडा.

डोंगर करताना परदेशी व्हिडिओंतले टोकदार खडक नकोत. आपला बेसाल्ट थरांचा आहे, त्याचे थर आडवे कोरा. कोंबडीची जाळी, त्यावर मेडिकलमध्ये मिळणारं प्लास्टर बँडेज, मग पीओपी. काळ्यात थोडा तपकिरी मिसळा. खडीवर पाणी घातलेला फेव्हिकॉल सोडण्याआधी त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर गोळे होतात.

पनवेल_लोकल:
मनापासून आभार! ठाकूरवाडी नक्की. फक्त दार आठ फुटी भिंतीत आहे आणि आत उघडतं. तिथून रूळ न्यायचा कसा?

ठाकूरवाडी_केबिन:
दार बाहेर उघडेल असं सुताराकडून फिरवून घ्या. तिथे उचलता येणारा पूल करा, सरळ रुळाचा, वळणाचा नको. पुलाच्या दोन्ही बाजूंचे अडीच मीटर रूळ, म्हणजे बँकरसकट अख्खी गाडी मावेल एवढे, बाकीच्या विजेपासून वेगळे तोडा आणि त्यांची वीज पुलावरच्या प्लगमधून घ्या. पूल उचलला की ते रूळ बंद पडतात आणि गाडी अलीकडेच थांबते. पुलाच्या टोकांना पितळी खुंट्या बसवा, लाकडी नको, पावसाळ्यात अडकतात.