‘तीन वर्षं फोन उचलू नका’ सांगणाऱ्यांनो, हे वाचा

महालकर: काल इथं एकानं लिहिलं, कार्डाचं बिल थकलं तर तीन वर्षं गप्प बसा, कर्ज आपोआप माफ, समन्स आलं तरी जाऊ नका. भाऊ, लोकांना खड्ड्यात नका घालू! 1963 च्या मुदत कायद्यातली तीन वर्षं बँकेनं कोर्टात दावा लावायची आहेत, देणं तसंच राहते. आणि समन्स येऊन घरी बसलात तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमचं न ऐकताच कोर्टाचा निकाल, होऊ शकते, मग वसुलीला 12 वर्षं.
माझ्या बाबांचा शेवटचा भरणा 2016 चा. मे 2023 मध्ये वसुलीवाला आला, बाबा कूलरमध्ये पाणी टाकत होते, बादली खाली ठेवली अन् ओल्या हातानंच सही केली. कागदावर ‘थकीत रक्कम हप्त्यानं भरीन’. मेलेला दावा उभा राहिला: मुदत संपलेलं देणं भरायचं सहीचं लेखी वचन करार कायद्याच्या कलम 25 नं बांधते. पुढच्या वर्षी कोर्टात तोच कागद, सही पसरलेली.

निवृत्त_बँकवाला: पैसे वापरले तर द्यायचे, मुदत कसली शोधता? बुडव्यांमुळे प्रामाणिक माणसाला व्याज जास्त पडते. 31 वर्षं काउंटरवर काढली मी.

मानेवाडा_चौक: प्रामाणिकपणा शिकवू नका काका. बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी वसुलीवाल्यानं होणाऱ्या सासऱ्यांना फोन केला, रात्री साडेनऊला! रिझर्व्ह बँकेनं सकाळी 8 च्या आधी अन् संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नका म्हणून 2022 मध्येच सांगितलं. कोण पाळते?

निवृत्त_बँकवाला: ते एजन्सीवाले, बँकेचे नाहीत.

मानेवाडा_चौक: कामावर कोणी ठेवले? आई तीन दिवस जेवली नाही, समजते का तुम्हाला?

इतवारी_हिशेब: भांडण बाजूला ठेवा. तारीख मोजताना कोविड विसरू नका, सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हे दिवस मुदतीतून वगळले. 2019 मध्ये थकलं म्हणून 2022 मध्ये सुटलो असं समजणारे दोघं माझ्याच ओळखीतले आहेत. आणि मुदत संपायच्या आत देणं लेखी मान्य करून सही दिली तर तिथून तीन वर्षं नव्यानं सुरू.

सदर_कट्टा: कालचं मीच लिहिलं होतं. मित्राला तीन वर्षांनंतर खरंच कोणी विचारलं नाही, म्हणून लिहिलं.

महालकर: एका मित्रावरून सगळ्यांना सल्ला काहून देता? त्याच्या नावावर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, काय लिहून आहे ते विचारा, घराचं लोन मागायला गेला की कळेल.

सदर_कट्टा: समन्सला हजर व्हायचं, मुदत संपली हे लेखी म्हणायचं, एवढं मान्य. ती ओळ खोडतो. पण फोन उचलायला नाही सांगणार, मानेवाड्यावाल्याचं वाचलं मी.

निवृत्त_बँकवाला: रात्री फोन करणं चूकच, साखरपुड्यात तर अजिबातच नाही. पण पैसे द्या, बस.

मानेवाडा_चौक: देतोच आहोत काका, दर महिन्याला चार हजार. लग्न मोडलं त्याचं काय ते सांगा.