एनईसीवर संशोधन करायचंय, पहिलं अनुदान कुठून मिळवावं?

दुपटं
निओनेटॉलॉजीचं, म्हणजे नवजात बाळांच्या उपचारांचं प्रशिक्षण संपून दीड वर्ष झालं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या एनईसीवर, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिसवर (आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरू लागतो तो आजार) काम करायचं आहे. नऊशे ग्रॅमचं एक बाळ डोक्यातून जात नाही. संध्याकाळपर्यंत दूध पचत होतं. रात्री दोनला सिस्टरांनी टेप लावून दाखवली, पोटाचा घेर वाढलेला, नळीतून हिरवं येतंय. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बारीक बुडबुडे. सकाळपर्यंत बाळ गेलं.

दोनशे बाळांवर प्रोबायोटिकची (आतड्याला उपयोगी जिवंत जंतूंची) ट्रायल करावी असं मनात आहे. माझ्या नावावर अनुदान एकही नाही. अर्ज कुठे करू?

रात्रपाळी
अर्जाच्या आधी प्रश्न बदला, असं कळकळीनं सांगते. तुमच्याकडे एनईसीचं प्रमाण सहा टक्के धरा आणि ते निम्म्यावर आणायचं म्हणा. नेहमीच्या ८० टक्के पॉवरनं (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) हिशेब केला तर दोन्ही गटांत मिळून सुमारे १५०० बाळं लागतात. दोनशेंत एनईसीच्या जेमतेम दहा-बारा केसेस होतील, त्यांतून काहीच सिद्ध होणार नाही. परीक्षक आधी हाच आकडा बघतात.

मोठ्या ट्रायलसुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रोप्रेम्समध्ये १०९९ बाळं होती, एनईसी ४.४ वरून २ टक्क्यांवर आलं. इंग्लंडच्या पिप्समध्ये १३१५ बाळं, ठोस फरक काहीच नाही. दोन्हींत दिलेल्या प्रोबायोटिक जंतूंची जात वेगळी होती हे खरं, पण नवख्या माणसानं पहिल्याच अर्जात त्या वादात उतरू नये.

त्यापेक्षा निदानाकडे बघा. एनईसी किती गंभीर हे ठरवायला बेलच्या १९७८ च्या पायऱ्या आपण आजही वापरतो आणि पहिल्या पायरीत पोट फुगलेलं जवळजवळ प्रत्येक बाळ बसतं. पोटाच्या सोनोग्राफीत भिंतीची जाडी, आतड्याची हालचाल, रक्तपुरवठा दिसतो. साध्या एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. दोन डॉक्टरांनी एकाच बाळाची वेगवेगळी सोनोग्राफी केली तर निष्कर्ष जुळतात का? हा प्रश्न साठ बाळांत, दीड वर्षात सुटेल. पहिल्या अनुदानाला असंच काम हवं.

ओलंपान
रात्रपाळीताईंशी सहमत. आता पैशांचं. थ्रॅशर रिसर्च फंडाचं अर्ली करिअर अवॉर्ड बघाच. मुलांच्या आजारांवरच्या संशोधनाला पैसा देतात, नागरिकत्वाची अट नाही, मार्गदर्शक मात्र हवा. प्रशिक्षण संपून किती काळ झालेला चालतो, ती अट आधी तपासा. आधी छोटा संकल्प-अर्ज जातो, तो आवडला तरच पूर्ण प्रस्ताव मागवतात. तो महिनाभर घासा. अमेरिकेत असाल तर एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची दोन अनुदानं आहेत: के२३ रुग्णांवरच्या कामासाठी आणि के०८ प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या कामासाठी. दोन्हींना नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो आणि साधारणपणे पंचाहत्तर टक्के वेळ संशोधनाला द्यावा लागतो.

एनईसी सोसायटीच्या कामावरही नजर ठेवा. मायका या मुलाला या आजारात गमावल्यावर जेनिफर कॅनव्हासर यांनी ती उभी केली. डॉक्टर आणि पालक तिथे एकत्र बसतात.

तिसरीपाळी
माझा पहिला अर्ज नाकारला गेला तो विज्ञानामुळे नव्हे. विभागप्रमुखांनी तोंडी "वेळ देऊ" म्हटलं होतं, पत्रात मात्र "शक्य तितकं सहकार्य" एवढंच लिहिलं. परीक्षकांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. आठवड्यातले किती दिवस ड्यूटी नाही आणि त्या दिवशी वॉर्ड कोण बघणार, हे सहीनिशी लिहून घ्या. त्या पत्राविना पैसे मिळाले तरी काम रात्री अकरानंतरच होतं, मी ते दोन वर्षं केलं आहे.

आणि मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा सवड बघा. महिन्यातून एकदा तासभर बसून तुमचा मसुदा लाल करणारा माणूस हवा.

दुपटं
मनापासून आभार. ट्रायल बाजूला ठेवली. आज आमच्या रेडिओलॉजिस्टशी बोलले. त्या म्हणाल्या, शंका आल्यापासून सहा तासांत पहिली सोनोग्राफी आणि चोवीस तासांनी दुसरी जमेल, पण रात्री प्रोब (सोनोग्राफीचं पोटावर फिरवायचं यंत्र) कोण धरणार हे आधी ठरवा. कुणी ड्यूटीवरच्या रेसिडेंटना हे शिकवलं आहे का? भिंतीची जाडी नीट मोजायला किती बाळांचा सराव लागला?

रात्रपाळी
शिकवलं आहे. निरोप पाठवा, आमचा तक्ता देते.