सूर्याच्या कडेला पांढरे धागे, मध्यावर मात्र गायब?

दुर्बीणवाला
सहा इंची दुर्बिणीच्या तोंडाला सौर फिल्टर लावून रोज सकाळी डागांची चित्रं वहीत काढतो. मागे पूर्वेच्या कडेवरून डागांचा एक गट आत आला, भोवती पांढरट, विस्कटलेले धागे. पाच दिवसांनी गट मध्याजवळ पोचला; डाग तसेच, धागे गुल. म्हणे दोन्ही चुंबकीय क्षेत्राचीच करणी. मग एक काळं आणि एक उजळ कसं?

फटीतला_प्रकाश
फरक चुंबकीय रेषांच्या जुडग्याच्या जाडीचा. सूर्याचा पृष्ठभाग सतत खदखदतो. साधारण हजार किमीच्या कणिका असतात: मधून गरम वायू वर येतो, थंडावतो, कडेच्या काळ्या फटींतून खाली जातो. आठ-दहा मिनिटांत कणिका संपते. वायू विद्युतभारित, त्यामुळे चुंबकीय रेषा त्याच्यासोबत फरफटत फटींत जमतात, झाडलेला केर कोपऱ्यात जमावा तशा.

पण नुसत्या प्रवाहाच्या रेट्याने क्षेत्र काहीशे गॉसपर्यंतच (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं माप) चढतं. पुढे जुडग्यातला वायू थंड होऊन खाली घसरतो, आतला दाब पडतो, बाहेरचा वायू जुडगं आवळतो. क्षेत्र हजार-दीड हजार गॉसवर जातं. आता ते जुडगं म्हणजे जवळपास रिकामी विहीरच; अशा विहिरींचेच तुमचे धागे. रुंदी जेमतेम शे-दोनशे किमी, त्यामुळे भिंतींची उष्णता आत सगळीकडे पोचते आणि ती उजळते. डाग हजारो किमी रुंद. तिथे क्षेत्र खालून उष्णता आणणारी वायूची खदखद दाबतं आणि बाजूची ऊब मध्यापर्यंत पोचत नाही. म्हणून काळा.

दुर्बीणवाला
विहीर पटली. पण मग मध्यावर, थेट वरून बघताना, ती जास्त चमकायला हवी ना?

फटीतला_प्रकाश
चमकतेच, पण तोंड केवढंसं! तुमच्या दुर्बिणीला अगदी स्थिर हवेतही सूर्यावरचे साडेपाचशे किमीपेक्षा बारीक तपशील सुटे दिसणार नाहीत. उजळ ठिपका आणि शेजारची काळी फट एकमेकांत मिसळतात, उजेड-अंधाराचा हिशेब बरोबरीत सुटतो. कडेला आपण तिरके बघतो. विरळ विहिरीच्या आरपार पलीकडच्या कणिकेची गरम भिंत समोर येते. शिवाय कडेची पार्श्वभूमी मुळातच मंद.

रविवारची_वही
याचीच गंमत: डाग सर्वाधिक असतात त्या वर्षांत सूर्याचा एकूण प्रकाश कमी होत नाही, उलट सुमारे 0.1 टक्का वाढतो. हे धागे डागांची तूट भरून वर उरतात.

दुर्बीणवाला
म्हणजे मी दोन वर्षं वहीत फक्त खर्चाची बाजू लिहीत होतो! गट पश्चिमेच्या कडेला पोचला की धागे पुन्हा दिसायला हवेत. बघून सांगतो.