टॅली आणि वेबसाइट जोडायला तयार डबा घ्यावा का?

ठिबकमाल_दिंडोरीरोड
मंडळी, नाशकात ठिबकचे सुटे भाग आणि फिल्टर यांचं होलसेल दुकान आहे. वेबसाइटवर आलेली ऑर्डर ऑपरेटर टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा हाताने भरतो. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत ऑर्डरी वाढल्या की साठा जुळत नाही, एकाच ऑर्डरची दोन बिलं निघतात. विक्रेता ‘इंटिग्रेशन अप्लायन्स’, म्हणजे दोन्ही जोडणारा तयार डबा घ्या म्हणतो, आत वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना जोडणारे पन्नास कनेक्टर आहेत म्हणे. लाइट अधूनमधून जाते, स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता) नाही. घ्यावा का?

सातपूर_जोडणी
पन्नास कनेक्टरांपैकी तुम्हाला दोनच लागणार. विक्रेत्याला एवढंच विचारा: टॅली बंद असताना आलेली ऑर्डर कुठे थांबते, आणि तीच ऑर्डर पुन्हा आली तर अडवतं कोण? उत्तर गुळमुळीत आलं तर डबा घेऊ नका.

टॅलीची बाजू अशी. एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी, तिथे क्लायंट-सर्व्हर कॉन्फिगरेशनमध्ये ‘बोथ’ आणि पोर्ट (टॅलीशी बोलायचं दार) ९०००. टॅली बंद करून उघडा. डब्यावरच्या ब्राउझरमध्ये टॅलीच्या संगणकाचा आयपी आणि ९००० टाकल्यावर सर्व्हर चालू असल्याची ओळ दिसली पाहिजे. टॅली उघडी आणि कंपनी लोड केलेली हवी. विंडोज झोपलं की सगळं थांबतं, म्हणून स्लीप बंद. राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी राखून ठेवा, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाल्यावर पत्ता बदलतो आणि दोष डब्यावर येतो.

खरी फसगत उत्तरात असते. टॅलीने व्हाउचर (बिलाची नोंद) नाकारलं तरी एचटीटीपीचा कोड २००, म्हणजे ‘निरोप पोचला’, येतो. स्वस्तातला कनेक्टर तेवढ्यावर ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. उत्तरातला एक्सएमएल मजकूर वाचून ‘क्रिएटेड’ १ आहे का आणि ‘लाइनएरर’ (नकाराचं कारण) आलाय का, हे बघावंच लागतं. नकाराची नेहमीची कारणं: लेजरच्या (खात्याच्या) नावात एक अक्षर इकडेतिकडे, ‘अमुक & सन्स’मधलं & हे चिन्ह एस्केप न करता (एक्सएमएलच्या खुणेत न बदलता) पाठवणं, किंवा काही पैशांच्या फरकामुळे जमा-नावे न जुळणं. शेवटच्यासाठी राउंड ऑफचं लेजर लावा. चाचणी टॅलीच्या शैक्षणिक (बिनपरवान्याच्या) मोडवर करत असाल तर महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेचीच व्हाउचरं चालतात; बाकी तारखांवर उगाच डोकं खाजवू नका.

दुबार बिलाचं मूळ टाइमआउटमध्ये (उत्तराची वाट बघायची मुदत संपण्यात) असतं. टॅलीत कोणी मोठा रिपोर्ट काढत असेल तर उत्तर उशिरा येतं. डबा समजतो गेलं नाही, आणि पुन्हा पाठवतो. पहिलं मात्र नोंदलेलं असतं. म्हणून ऑर्डर क्रमांक व्हाउचरच्या रेफरन्समध्ये टाका, आणि पुन्हा पाठवण्याआधी तो क्रमांक टॅलीत आहे का ते विचारून घ्या. व्हाउचरं एकामागून एक पाठवा, आधीच्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचं नाही.

अंबड_नेटवर्क
स्टॅटिक आयपी लागतच नाही. डब्यानेच दर दोन मिनिटांनी वेबसाइटला ‘नवीन काही?’ म्हणून विचारावं. राउटरवर ९००० बाहेर उघडून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या पोर्टवर पासवर्ड विचारायला कोणी बसलेलं नाही. विंडोज फायरवॉलमध्येही फक्त डब्याचाच आयपी आत येऊ द्या.

हार्डवेअरला साधा मिनी पीसी पुरतो: ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, जोडणीसाठी नोड-रेड हे सॉफ्टवेअर, थांबलेल्या ऑर्डरींच्या रांगेसाठी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. मेमरी कार्डावर चालणारा छोटा बोर्ड नको, लाइटच्या झटक्यात कार्ड खराब होतं. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ करा. यूपीएसवर डब्यासोबत राउटर आणि फायबरचा ओएनटीही (फायबरची तार येते ती पेटी) घ्या, तो हमखास विसरला जातो.

ठिबकमाल_दिंडोरीरोड
साठा मिनिटामिनिटाला पाठवू का? आणि इ-इन्व्हॉइसही डब्यातूनच काढता येतो म्हणे.

सातपूर_जोडणी
साठा पंधरा मिनिटांनी, तोही फक्त बदललेल्या मालाचा. जलद खपणाऱ्या मालाचे पाच-दहा नग वेबसाइटवर कमीच दाखवा, काउंटरवरची विक्री मधल्या वेळात होतेच.

उलाढाल ५ कोटींवर असेल तर बी-टू-बी (व्यापाऱ्याला दिलेल्या) बिलाला आयआरएन, म्हणजे इ-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक लागतो, पण तो टॅलीतूनच काढा. टॅली आणि डबा दोन्हीकडून गेला तर इ-इन्व्हॉइसचं सरकारी पोर्टल २१५० नंबरची दुबार आयआरएनची एरर देतं. चुकीच्या ऑर्डरवर आयआरएन निघाला तर पोर्टलवर रद्द करायला २४ तास मिळतात, आणि तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. माणसाने बिल बघून मगच बटण दाबलेलं बरं.

अंबड_नेटवर्क
नाकारलेल्या ऑर्डरींची यादी रोज संध्याकाळी ऑपरेटरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल असं करून घ्या, लाइनएररच्या मजकुरासकट.